आबांची व्हॅनिला

चौथ्या दिवशीही वेलींखाली फुलं पडलेली दिसली, तेव्हा मी झाडता झाडता खराटा बाजूला ठेवला आणि खालीच बसले. एकेक फूल उचलून पाहिलं. फिकट पोपटी, बोटभर लांब, देठासकट गळलेली. मोजली तर बावीस भरली. आदल्या दिवशी न्याहारीला बसताना आबा म्हणाले होते, "आज वीस-बावीस फुलं केली." म्हणजे त्यांनी हात लावलेलं एकही फूल वेलीवर टिकलं नव्हतं.

आबा म्हणजे माझे सासरे. ही गोष्ट वीस-बावीस वर्षांपूर्वीची. आमचं घर गुहागर तालुक्यात, समुद्राला लागून. घरामागे नारळ-पोफळीची बाग, तिला आमच्याकडे आगर म्हणतात. सासूबाई मी लग्न होऊन आले त्याच्या आधीच गेलेल्या. घरात आबा, मी आणि माझे यजमान दिगंबर. हे तालुक्याच्या गावी पतपेढीत कामाला, सकाळी आठच्या गाडीने जायचे ते संध्याकाळी सातला परत. त्यामुळे दिवसभर आबा, मी आणि आगर. माझा स्वभाव पहिल्यापासून फटकळ, आबांचा अबोल, त्यामुळे आमचं उत्तम जमायचं. मी बोलायचे आणि ते ऐकल्यासारखं करायचे.

व्हॅनिलाचं खूळ आबांनी चौसष्टाव्या वर्षी घेतलं. कोणाकडून तरी ऐकून ते कर्नाटकात सिरसीला गेले, तिथल्या हेगडे नावाच्या बागायतदाराकडे चार दिवस राहिले आणि गोणपाटात गुंडाळून वेलीचे तुकडे घेऊन आले. पोफळींच्या मधल्या जागेत गिरीपुष्पाचे खुंट पुरले आणि चाळीस वेली चढवल्या. वेल डोक्याच्या वर गेली की तिला वळवून खाली सोडायची, नाहीतर फुलं हाताला कशी यायची? तीन वर्षं आबा त्या वेलींची पोटच्या पोरासारखी उस्तवार करत होते. तिसऱ्या वर्षी एका वेलीला फक्त तीन फुलं आली. आबांनी आम्हा दोघांना उभं करून ती कशी करायची ते दाखवलं. दोन त्यांनी केली, तिसरं माझ्याकडून करून घेतलं. तिन्ही टिकली.

हे फूल मोठं नखरेल असतं. महाशिवरात्रीच्या सुमाराला बहर सुरू होतो तो पाडव्याच्या पुढेमागे संपतो. घोसात पंधरा-वीस कळ्या, त्यातली रोज एखाद-दुसरीच उमलायची. पहाटे उमलली की दुपारपर्यंत मिटली. तेवढ्या वेळात माणसाने स्वतःच्या हाताने त्याचे पराग खालच्या भागाला चिकटवायचे, कारण हे काम करणारी माशी आपल्याकडे नाही म्हणतात. मध्ये एक पातळ पडदा असतो. नारळाच्या हिराने, म्हणजे झावळीच्या पातीतल्या बारीक काडीने, तो उचलायचा आणि अंगठ्याने हलकेच दाबायचं, ह्यालाच फूल करणं म्हणायचं. जमलं तर फूल सुकतं पण जागेवर राहतं आणि त्याच्या देठाचीच शेंग होते. नाही जमलं तर एक-दोन दिवसांत देठासकट खाली. त्यात खोटं बोलायला जागाच नसते.

आणि त्या वर्षी तर आबांचं सगळंच त्या फुलांवर होतं. आमच्या ह्यांचं म्हणणं, आबा अडुसष्टचे झाले, आता आगर त्यांना झेपत नाही, खंडाने देऊन टाकू. शेजारचे नाटेकर घ्यायला तयार होते. खंडाने देणं म्हणजे वर्षाला ठरलेले नारळ आणि सुपारी आपल्या दारात येणार, बाकी आगर त्याचा. आमच्याकडची रीत अशी, की एकदा खंडाने दिला की मालकाने न विचारता आगरात पाऊलही टाकायचं नाही. वाऱ्याने पडलेला नारळसुद्धा उचलायचा नाही, उगाच संशयाला जागा नको. आबा हे ऐकून दोन दिवस जेवले नाहीत. शेवटी ठरलं ते असं, की ह्या बहरात व्हॅनिला धरली तर आगर आबांकडे राहील, नाही धरली तर पाडव्याला नाटेकरांना होकार द्यायचा.

ती बावीस फुलं पदरात घेऊन मी बसले, आणि मला कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. आबांचा उजवा हात थरथरायचा. पावसाळ्यापासून मी पाहत होते. कपबशीतून प्यायचे ते भांड्यातून चहा प्यायला लागले होते. वर्तमानपत्र मांडीवर ठेवून वाचायचे. बोलताना उजवा हात सदऱ्याच्या खिशात. मुलाला त्यातलं काही ठाऊक नव्हतं, कारण मुलगा घरी यायचा तेव्हा आबा खिशात हात घालून झोपाळ्यावर बसलेले असायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची. वैद्यांनी दिलेलं नारायण तेल रोज दुपारी दार लावून चोळायचे, तरी वास सगळ्या घरात. त्याच वैद्यांनी रत्नागिरीच्या डॉक्टरला दाखवा म्हणून चिठ्ठीही दिली होती. ती मला त्यांच्या उशीखाली सापडली होती.

मी तशी विचार करून काम करणारी बाई नाही. खराट्यातलाच एक चांगला हीर उपसला, विळीवर त्याचं टोक तासलं आणि आबा आंघोळीला गेल्यावर आगरात शिरले. दहा वाजले होते. त्या दिवशीची फुलं अजून उघडी होती. काहींच्या पाकळ्या फाटलेल्या, काहींचा पडदा नुसता उचलून सोडलेला, पराग होते तिथेच. मी माहेरी असताना शिवणवाल्या काकूंकडे ब्लाउजची काजं करायचे. सबंध दिवसात पन्नास काजं केलेला हात आहे हा. एकोणीस फुलं मी अर्ध्या तासात करून मोकळी झाले. दोन अगदीच फाटली होती, ती सोडली.

दुसऱ्या दिवशी ती दोनच पडलेली होती. बाकीची सुकून जागेवर.

न्याहारीला आबा आले ते हसतच. मी इतक्या वर्षांत त्यांना सकाळी हसताना पाहिलं नव्हतं. म्हणाले, काल फुलं टिकली. मी भाकरी थापत म्हटलं, टिकणारच, चार दिवस हाताला सवय नव्हती. त्यावर ते म्हणाले, तेल लागू पडलं बहुतेक. मी म्हटलं, पडलं असेल. मनातून मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. खोटं कसं वाटायचं? उलट केवढं पुण्य पदरात पडतंय असंच वाटत होतं.

मग रोजचंच ठरून गेलं. साडेसहाला आबा आगरात जायचे, साडेनऊला यायचे, ते आंघोळीला गेले की मी जायचे. एक फूल म्हणून सोडलं नाही मी. आबा ज्या घोसांकडे फिरकले नव्हते तिथलीही फुलं केली. मला वाटलं, वर त्यांचा हात पोचत नसेल, नजर चुकली असेल. जितक्या जास्त शेंगा तितकं बरं, पाडव्याला आमच्या ह्यांना बोलायला तोंड राहणार नाही. दहा दिवसांत पहिल्या शेंगा बोटापेक्षा लांब झाल्या, घोस नुसते लगडले. एका रविवारी ह्यांना आबांनी हाताला धरून, डाव्या हाताने हं, आगरात नेलं. हे बघून आले आणि म्हणाले, मानलं म्हाताऱ्याला, नाटेकरांना पुढच्या वर्षी बघू म्हणून सांगतो.

आबांचं तर वयच उतरलं. न्हाव्याकडे जायचं सोडून घरी दाढी करायला लागले आणि हनुवटी कापून घेतली. होळीला ढोलाबरोबर गावभर फिरून आले. आणि होळीच्या दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "रत्नागिरीच्या डॉक्टरकडे जायचं होतं मला. तुला माहीत नाही ते. पण आता नको. हात सुधारला."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी फटकळ, दुसऱ्याचं उणं मला तोंडावर काढता येतं, आणि तिथे नेमकी माझी वाचा बसली. आता बहर आटपत आलाय, पाडवा झाला की सांगू, असं म्हणून मी फणस चिरायला घेतला.

त्याच्या चौथ्या दिवशी, रविवार होता, मी मागच्या पडवीत तांदूळ निवडत होते आणि आगरातून आबांची हाक आली. "शैला, इकडे ये."

ते कडेच्या वेलीजवळ उभे होते. मला म्हणाले, "ह्या घोसात किती शेंगा आहेत मोज."

मी मोजल्या. "अठरा."

"आणि त्या खालच्या?"

"सतरा."

"मी घोसाला दहा करतो," आबा म्हणाले. "दहा झाली की त्या घोसाला हात लावत नाही. सिरसीला हेगड्यांनी मला पहिल्या दिवशी तेवढंच शिकवलं. दहाच्या वर गेलास तर वेल शेंगा पोसते आणि आपण मरते. आज उरलेल्या कळ्या खुडायला आलो, तर कळ्याच नाहीत. सगळ्याच्या शेंगा."

मला कोणी हे कधी सांगितलंच नव्हतं. मी शिकले ते तीन फुलांवर. तीन फुलांत दहाचा हिशोब कुठून येणार? करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मी मान खाली घालून उभी राहिले.

"कधीपासून?" आबांनी विचारलं.

"चौथ्या दिवसापासून."

"मग ह्यात माझ्या किती?"

मी पायाशी पडलेली एक वाळकी पाकळी उचलली.

"सांग. तुला बोलता येतं."

"एकही नाही, आबा."

ते पाटाच्या कडेला बसले. पाटाला पाणी सोडलेलं होतं आणि त्यांचं धोतर भिजत होतं, मी सांगितलंसुद्धा, पण ते उठले नाहीत. मी रडायला लागले. मला रडताना नाक ओढायची घाण सवय आहे, तशी ओढत उभी होते.

"फुलं केलीस ते चांगलं केलंस," थोड्या वेळाने ते म्हणाले. "तुझा हात चांगला आहे. पण मी पंधरा दिवस समजून होतो की हात सुधारला. माणसांना सांगत फिरलो होळीत. डॉक्टर नको म्हटला. ते नाही बरं केलंस."

"मला वाटलं तुमचा आगर जाईल."

"अगं, आगर जाण्याचं दुःख मला कळत होतं. त्याची तयारी करत होतो मी. हात बिघडत चाललाय हे मात्र मला कळलंच नसतं." मग उठले. म्हणाले, "रडू नको. कात्री आण. अजून वेली वाचतील."

मी घरातली शिवणाची कात्री आणली. आबांनी ती माझ्या हातातून घेतली नाही. ते बोटाने दाखवायचे आणि मी कापायचे. घोसाच्या टोकाच्या, आखूड, वाकड्या शेंगा आधी. प्रत्येक घोसाला दहा ठेवून बाकीच्या खाली. मी इतक्या हौसेने केलेल्या, माझ्याच हाताने कापत होते. एकेक कापताना जीव तुटत होता, पण त्या दिवशी माझ्या जिवाला विचारतंय कोण. मी एकदा म्हटलं, ह्या घोसात बारा राहू देत, छान आहेत. आबा म्हणाले, नाकापेक्षा मोती जड नको. कापल्या.

दहा-बारा वेली झाल्या असतील, तेवढ्यात आमचे हे दात घासत मागच्या दारी आले. रविवारी त्यांची पहाट नऊला व्हायची. जमिनीवर हिरव्या शेंगांचा सडा आणि माझ्या हातात कात्री. ब्रश तोंडातच राहिला. मग जे सुरू झाले. बायको वेडी झाली आहे की काय, आबा तुम्ही बघत काय उभे आहात, नाटेकरांना मी नाही म्हणून आलो, आता कोणत्या तोंडाने जाऊ. मी काहीतरी सांगणार होते. खोटंच सांगणार होते, कीड लागली म्हणून. शब्द तोंडात आलाच होता.

आबांनी खिशातून उजवा हात काढला आणि मुलासमोर धरला.

"हा बघ," ते म्हणाले.

आम्ही तिघंही त्या हाताकडे बघत राहिलो. वाऱ्यावर पान हलावं तसा हात हलत होता. मग आबांनी मुलाला सगळं सांगितलं. हात पावसाळ्यापासून असा आहे, फूल माझ्याच्याने एकही झालं नाही, सगळी हिने केली, जास्त झाली म्हणून आता कापतोय. एवढं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

ह्यांनी तोंड धुतलं. परत आले तेव्हा राग गेलेला होता. ते काही वाईट नव्हेत, बापाचा जीवच होता त्यांना. पण बोलले ते मुद्द्याचंच. म्हणाले, "मग आबा, आता तरी ऐका. आगर झेपणार कसा तुम्हाला? मी नाटेकरांकडे जाऊन येतो."

"खंडाने द्यायचाच आहे," आबा म्हणाले. "पण नाटेकराला नको. हिला दे."

हे हसले. त्यांना थट्टा वाटली. "घरच्या सुनेला कोणी आगर खंडाने देतं का?"

"घरच्या सुनेने चोरून करायचं, त्यापेक्षा राजरोस करू दे. तिची चूक झाली तर तिची, पीक आलं तर तिचं. खंड घालील ती मला. नारळ आणि सुपारी, नाटेकर देणार होता तेवढंच."

आता मात्र माझं तोंड सुटलं. मी म्हटलं, मला कोणी विचारलंय का? घरातलं सगळं करून वर तुमचा आगर मी बघायचा आणि त्यावर तुम्हालाच नारळ मोजून द्यायचे, हा कुठला न्याय?

"विचारतोय," आबा म्हणाले. "घेशील?"

मी कात्री पदराला पुसली. खरं सांगायचं तर घ्यायचाच होता. त्या पंधरा दिवसांत मला त्या आगराची इतकी ओढ लागली होती की रात्री डोळे मिटले की घोस दिसायचे. माझं स्वतःचं असं त्या घरात तोवर काय होतं? शिवणयंत्र एक. पण मी म्हटलं, माझी एक अट आहे. ह्याच आठवड्यात रत्नागिरीला डॉक्टरकडे जायचं. ह्यांनी रजा काढायची आणि न्यायचं. आणि डॉक्टर काय बोलला ते मला जसंच्या तसं येऊन सांगायचं.

आबांनी हात परत खिशात घातला. मग म्हणाले, ठीक आहे.

गुरुवारी जाऊन आले. डॉक्टरने गोळ्या दिल्या आणि सांगितलं, ह्या आजारात थरथर पूर्ण जात नाही, गोळ्यांनी आटोक्यात राहील, पुढे पुढे वाढेल. आबांनी ते मला जसंच्या तसं येऊन सांगितलं. ऐकताना मला फार वाईट वाटलं, पण निदान एकच गोष्ट दोघांना ठाऊक होती.

पाडव्याला गुढी उभारल्यावर आबांनी माझ्या हातावर नारळ ठेवला. आगर माझा झाला. नाटेकर महिनाभर गावात हसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी हीर घेऊन आगरात गेले. बहर संपत आला होता, सगळ्या वेली मिळून पाच-सहा फुलं असतील. दुसऱ्या वेलीपाशी होते, तर आगराच्या दारात पावलं वाजून थांबली. वळून पाहिलं तर आबा बाहेर उभे. माझं लक्ष जाईपर्यंत ते तसेच उभे राहिले. चाळीस वर्षं शिंपलेला आगर, आणि एक पाऊल आत टाकलं नव्हतं त्यांनी.

"येऊ का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "या. काम आहे तुमचं."

एका खालच्या घोसात नऊच शेंगा होत्या आणि दहावं फूल त्या सकाळी उमललं होतं. मी ते त्यांना दाखवलं आणि हीर त्यांच्या हातात दिला. आबांनी फुलाशी नेला. टोक पाकळीवर टकटक आपटायला लागलं. ते मागे घेणार तेवढ्यात मी त्यांचं मनगट धरलं. सासऱ्याचा हात सुनेने धरायची आमच्याकडे पद्धत नव्हती. नमस्काराला पायांना हात लागेल तेवढाच. त्यांचं मनगट किती बारीक झालं होतं ते मला तेव्हा कळलं. थरथर माझ्या कोपरापर्यंत येत होती. मी जोर लावला नाही, नुसता आधार दिला. हिराचं टोक आत गेलं, पडदा उचलला गेला, आणि आबांनी दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने दाबलं.

मी हात सोडला. आबा त्या फुलाकडे बघत होते.

"आज थरथरला नाही फारसा," ते म्हणाले. आणि माझ्याकडे पाहिलं.

"थरथरला, आबा," मी म्हटलं. "पण फूल झालं."